कडेने नेलेला चेंडू

शनिवार, १६ सप्टेंबर १९९५, सकाळ. न्यू जर्सीतलं एक लहान गाव, पाण्याच्या टाकीमागचं मैदान.

हजर: मी, माझी धाकटी बहीण नीला, तिची मुलगी रेवा, वय अकरा, नीलाची शेजारीण डोना, फ्रँक, धंद्याने प्लंबर, रेवाच्या मैत्रिणीचा बाप, निळ्या शर्टातल्या आमच्या मुली, पिवळ्या शर्टातल्या समोरच्या, दोन्हीकडचे आईबाप, दोन कुत्रे.

गैरहजर: दिलीप, नीलाचा नवरा.

मी अंबरनाथला एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खातं सांभाळते. खात्याच्या मीटिंगचं टिपण मीच लिहिते. आधी तारीख, मग हजर, मग गैरहजर, मग ठरलेलं काम. ही सवय अमेरिकेतही सुटली नाही. दिलीप जाऊन तेव्हा पावणेदोन वर्षं झाली होती, त्यामुळे त्याचं नाव लिहायचं कारण नव्हतं. पण त्या सकाळी जो कुणी मला भेटला, तो त्याचंच नाव घेऊन भेटला. मग न लिहून कसं चालेल?

परत आल्यापासून आमच्या कुळगावातल्या बायका विचारतात, "अमेरिका कशी होती?" प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. उंच इमारती आणि धबधबा मी पाहिलेला नाही, हे आधीच सांगते. मी फिरायला गेले नव्हते. नीलाला आणि रेवाला घरी घेऊन यायला गेले होते.

ते घरात ठरलं होतं. घर म्हणजे आई, माझा भाऊ अण्णा आणि मी. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे असली कामं माझ्याकडे येतात. दिलीप गेला तेव्हा जानेवारी होता. दारातला बर्फ काढता काढता तो खाली बसला आणि उठला नाही. मला व्हिसा वेळेत मिळाला नाही. कुळगावला आमच्या ओसरीवर सतरंजी टाकली, शेजारपाजारची माणसं येऊन जमिनीवर गुडघे दुमडून बसून राहिली, आणि ज्याच्यासाठी बसली तो तिकडे परक्या मातीत. तेव्हापासून आई एकच वाक्य बोलत होती. "पोर तिकडे एकटी आहे."

या वर्षी गणपती झाले आणि आईने वरची खोली चुन्याने रंगवून घेतली. अण्णाने वांगणीच्या एका मित्राकडून मोठा पलंग आणला. मित्राचं शेतावरचं घर बांधून होईपर्यंत वापरायला. रेवासाठी शाळेत शब्द टाकून ठेवला. दिवाळीला दोघी इथे, असा हुकूम झाला. नीला फोनवर हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. "तू ये तर खरी, ताई," एवढंच म्हणाली.

उल्हासनगर, निघण्याआधी

बॅग घ्यायला उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात गेले. दुकानदार सिंधी, गल्ल्यावर बसूनच गिऱ्हाईक ओळखणारा.

"बहेनजी, किधर जाना है?"

"अमेरिका."

"तो फिर ये लो. चेन देखो. आप थक जाओगे, चेन नहीं थकेगी."

"थकली तर?"

"तो वापस लाओ ना! हम किधर भागनेवाले हैं? यहीं बैठे हैं बाप के टाइम से."

चेन मुंबईच्या विमानतळावरच थकली. भाजणीचे डबे आणि गोडा मसाला सगळ्या जगासमोर उघडे पडले. मी साडीच्या परकराची जादा नाडी जवळ ठेवते. ती बॅगेला गुंडाळली, दोन गाठी मारल्या आणि तशीच अमेरिकेत उतरले. प्रवासाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

पहिला शनिवार

नीलाच्या पत्रांत नेहमी एक ओळ असे. "शनिवारी मैदानावर जाते." आम्ही समजायचो, पोरगी खेळते आणि ही बिचारी एका कोपऱ्यात बसून बघते.

त्या शनिवारी उजाडता उजाडता ती जिन्यावरून खाली आली तेव्हा मी चहाचा कप हातातच धरून राहिले. ढगळ पँट, डोक्यावर टोपी, केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात शिट्टी. खांद्यावर जाळीची मोठी पिशवी, आणि तिच्यात फुटबॉल. आपल्याकडे पोत्यातून नारळ नेतात तशी ती पाठीवर मारून ती गाडीकडे चालू लागली.

"नीला, हे काय?"

"सामना आहे. चल, पाण्याचा डबा घे तो."

तिकडे या खेळाला सॉकर म्हणतात. फुटबॉल म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळाच खेळ येतो. त्यात हाताने फेकाफेक आणि एकमेकांच्या अंगावर पडणं जास्त. सॉकर तिथे तसा नवा. आदल्या वर्षी विश्वचषक त्यांच्याच देशात झाला आणि तेव्हापासून पोरांची रीघ लागली, असं सगळे म्हणत होते. मैदानाबाहेर गाड्यांची रांग होती. प्रत्येक गाडीतून दोन-तीन मुलं उतरत होती, आणि त्यात निम्म्या मुली. मला सगळ्यात नवल त्याचं वाटलं. आपल्याकडे शाळेत मुली लंगडी खेळतात, खो-खो खेळतात, पण नववीत गेल्या की कडेला उभ्या राहतात. इथे तेवढ्याच वयाच्या पोरी चिखलात आडव्या पडत होत्या आणि त्यांच्या आया टाळ्या वाजवत होत्या.

आणखी एक. आपल्याकडे क्रिकेट खेळतात मोजके आणि बघतात सगळे. तिथे सॉकर सगळ्यांची मुलं खेळतात, पण टीव्हीवर तो कुणी फारसं बघत नाही. आईबापांना नियमही येत नाहीत. फ्रँक माझ्या शेजारी घडीची खुर्ची टाकून बसला होता. भला दांडगा माणूस, हातात कॉफीचा बादलीएवढा पेला.

"आता शिट्टी का वाजली?" त्याने मला विचारलं.

"मला माहीत नाही. मी परवाच आले."

"मी पाच वर्षं येतोय, मलाही माहीत नाही," तो म्हणाला. "नीलाला विचारू. माझा बाप म्हणतो, हा परदेशी लोकांचा खेळ. त्याने मला बेसबॉल शिकवला. मी पोरीला बेसबॉल शिकवायला गेलो, तर ती तुमच्या दिलीपकडे पळाली."

बेसबॉलच्या मैदानाला दिवे होते, बाक होते, सरबताची टपरी होती. सॉकरला गावाने टाकीमागची उतरती जागा दिली होती. चेंडू जरा जोरात गेला की थेट ओढ्यात. पण गवत असं की आपल्याकडे त्याच्यावर 'चालू नये' अशी पाटी लावतील. पलीकडे मेपलची झाडं टोकाकडून नुकती लाल व्हायला लागली होती.

दिलीप या खेळात कसा आला ते मला तिथे डोनाने सांगितलं. ती हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलायची, माझ्यासाठी. गावात पहिल्यांदा मुलांचे संघ करायचे ठरलं तेव्हा चर्चच्या तळघरात सभा झाली. मुलं भरपूर, शिकवायला कुणी नाही. कुणी विचारलं, "आयुष्यात हा खेळ कोण खेळलंय?" मागून एकच हात वर आला. अंबरनाथच्या कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला, मल्याळी आणि गोवेकर पोरांत अनवाणी फुटबॉल खेळलेला आमचा दिलीप. त्या दिवसापासून तो कोच.

"अनवाणी होता हे त्याने सभेत सांगितलं नाही," नीला मागून म्हणाली आणि शिट्टी वाजवून पुन्हा पळाली.

मग सामना सुरू झाला आणि मी जन्मात विसरणार नाही असं एक ऐकलं. नीला रेषेवरून ओरडली, "कडेने! कडेने!" आणि त्या सोनेरी वेण्यांच्या, ठिपकेदार नाकांच्या, कुणाकुणाच्या पोरी मैदानातून एकमेकींना ओरडायला लागल्या, "काडेने! काडेने!" चेंडू मधून सुटला तो डावीकडे रेवाकडे आला. तिने तो रेषेलगत पळवत नेला, टोकाशी जाऊन आत टाकला, आणि फ्रँकच्या मुलीने गोल केला. आईबापसुद्धा ओरडत होते, "काडेने!"

फ्रँक मला कोपराने ढोसत म्हणाला, "दिलीपचा हुकमी डाव. तुमच्याकडे फार जुना आहे ना?"

मी मान हलवली. दिलीप मुलींना सारखा तेवढंच सांगायचा, मधून नको, कडेने न्या. का, ते नीलालाही ठाऊक नव्हतं. "मला खेळातलं तेवढंच येत होतं, ताई," ती संध्याकाळी म्हणाली. "बाकी सगळं लायब्ररीतलं पुस्तक आणून शिकले."

दुसरा शनिवार

या दिवशी माझ्या हातून जे झालं ते लिहिताना आजही कानशिलं गरम होतात.

सामना बरोबरीत होता. रेवा चेंडू घेऊन कडेने पळत असताना एका पिवळ्या शर्टवालीशी धडकली आणि पडली. पंचाने शिट्टी वाजवली. आणि एकाएकी मैदानातल्या सगळ्या मुली, आमच्या आणि त्यांच्याही, होत्या तिथे गुडघा दुमडून जमिनीवर बसल्या. कुणी बोलेना. कडेचे आईबाप गप्प. मधोमध माझी रेवा आडवी, आणि भोवती सगळं मैदान खाली बसलेलं.

आपल्याकडे माणसं अशी एकदम, न बोलता जमिनीवर कधी बसतात? मी ती बसलेली पाहिली होती. आमच्या ओसरीवर.

माझ्या मांडीवर थर्मास होता तो कुठे पडला ते मला कळलं नाही. मी धावले. साडीचा काचा मारायलाही थांबले नाही. "रेवाऽऽ" अशी हाक मारत मैदानाच्या मध्यापर्यंत गेले, तिचं डोकं मांडीवर घेतलं, पदराने तिचं तोंड पुसायला लागले.

रेवाने डोळे उघडले. तिला काही झालेलं नव्हतं. दम लागला होता.

"मावशी," ती दात दाबून म्हणाली, "काय करतेस? जा ना!"

"अगं पण या सगळ्या बसल्या..."

"कुणी पडलं की बसतात! तशी रीत आहे! मी उठले की टाळ्या वाजवतात, मग खेळतात!"

ती उठली. दोन्हीकडच्या मुलींनी खरोखरच टाळ्या वाजवल्या. पण पंच, गावातल्या पोस्टातले एक वयस्कर गृहस्थ, नम्रपणे पुढे आले आणि म्हणाले की नियमच आहे, खेळाडूसाठी बाहेरचं कुणी आत आलं तर खेळाडूने काही वेळ बाहेर जायला हवं. रेवा बाहेर आली. तिची डावी कड मोकळी पडली. तिथूनच पिवळ्या मुली आत घुसल्या आणि गोल झाला. आम्ही हरलो.

गाडीत रेवा खिडकीकडे तोंड करून बसली. घरी पोचल्यावर फक्त एक वाक्य म्हणाली, तिच्या त्या गोलगोल मराठीत. "मावशी, मैदानात येत नाहीत. बाबा पण कधी आले नाहीत." आणि वर गेली. त्या दिवशी माझ्या थालीपिठाला तिने हात लावला नाही. पावावर शेंगदाण्याचं लोणी लावून खाल्लं. तो प्रकार म्हणजे कुणी लाडू करायला घेतले आणि गूळ घालायच्या आधीच कंटाळा केला, तसा लागतो.

तासाभराने डोना माझा थर्मास घेऊन आली. काच फुटली होती. "सोड गं," ती म्हणाली, "पहिल्या वर्षी आम्ही सगळ्याच धावतो. मी तर पंचाला छत्रीने मारायला निघाले होते. दिलीपने धरलं मला."

स्वयंपाकघर

मी काम टाळणाऱ्यातली नाही. त्याच आठवड्यात, रेवा शाळेत असताना, नीलाला समोर बसवलं.

"नीला, मी कशासाठी आलेय ते तुला माहीत आहे. वरची खोली तयार आहे. शाळेत बोलणं झालंय. आई वाट बघतेय. घर विकायला किती दिवस लागतील, सामान काय न्यायचं, रेवाचे कागद, सगळं एकेक करून घेऊ."

ती पालक निवडत होती. निवडतच राहिली.

"ताई, कुळगावला मी आले तर मला लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचंय? नीला म्हणतील."

"नाही. 'बिचारी' म्हणतील. चांगल्या मनाने म्हणतील. भाजीवाली एक जुडी जास्त घालेल आणि बिचारी म्हणेल. इथेही पहिले सहा महिने मी तीच होते. सगळे हळू बोलायचे माझ्याशी. मग संघाची पिशवी परत द्यायला मैदानावर गेले. दिलीपच्या गाडीतच राहिली होती ती. मुली रांगेत उभ्या होत्या, कुणी मोठं माणूसच आलं नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली, तर त्यांनी चेंडू काढले आणि पळायलाच लागल्या. आता पळणाऱ्या पोरींना टाकून घरी कशी येणार? उभी राहिले. एक जण मागे वळून म्हणाली, 'कोच, कडेने का?' मी म्हटलं, हो. कडेने." तिने पालकाची काडी मोडली. "तेव्हापासून गावात माझ्याशी कुणी हळू आवाजात बोलत नाही. दुकानात, बँकेत, सगळीकडे कोच. तुमच्याकडे आले की पुन्हा पहिल्यापासून बिचारी."

"आणि आजारी पडलीस तर? मध्यरात्री पोरीला ताप आला तर?"

तिने फ्रिजकडे बोट केलं. शनिवारच्या सामन्यांना कुणी कुणाला गाडीतून न्यायचं, संत्री कुणी आणायची, याचा तक्ता तिथे चिकटवलेला होता. "मागच्या डिसेंबरमध्ये मला फ्लू झाला. असाच तक्ता करून डोनाने त्यावर सूप लिहून टाकलं. सोमवार हिचं, मंगळवार तिचं. फ्रँकने दारातला बर्फ काढला. त्या दिवसापासून बर्फ मला काढूच देत नाही तो. गुपचूप येतो, काढून जातो."

मी तक्ता बघितला. रकाने सरळ होते, नावं स्वच्छ होती, बदल झाला तिथे सही होती. खात्यात मी वर्षानुवर्षं धडपडते, पण इतका नीट पाळलेला तक्ता मला जमलेला नाही.

"आईला काय सांगू?" मी विचारलं.

"ते मलाही सुचत नाही. म्हणून तर तुला म्हटलं, ये तर खरी."

ती रडली नाही. मीच उठून नळ सोडला आणि पालक धुवायला घेतला.

संत्री

पुढच्या शनिवारी तक्त्यावर संत्र्यांची पाळी नीलाकडे होती. मी म्हटलं, हे काम माझं. मध्यंतरात मुलींना संत्री देतात. मी पहाटे उठून सगळी संत्री सोलली, फोडींवरचे दोरे काढले, बिया काढल्या, मीठ आणि जिऱ्याची पूड भुरभुरली आणि डब्यात रांगेने लावली. आमच्या खात्याच्या मालासारखं काम झालं होतं.

मध्यंतरात डबा उघडला. मुली भोवती जमल्या आणि आत बघून गप्प झाल्या. एकीने भीत भीत एक फोड उचलली. रेवाने आधी डब्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली होती.

"मावशी, साल कुठाय?"

"सालं टाकली. कशाला हवीत?"

तिने कपाळाला हात लावला. अगदी नीलासारखा. डोनाच्या गाडीत दोन-चार जास्तीची संत्री होती. रेवा ती घेऊन आली, सुरीने सालासकट चार-चार भाग केले, एक भाग दातांवर बसवून आतला रस चोखला आणि तशीच माझ्याकडे वळली. ओठांतून दातांच्या जागी नारिंगी साल हसत होती. सगळ्या मुलींनी तसंच केलं. सगळं मैदान नारिंगी हसायला लागलं.

"आता तू," रेवा म्हणाली.

पन्नाशीची बाई मी. पुढचा एक दात बसवलेला. पण लावली साल आणि हसले. ती इतकी खिदळली की खालीच बसली. तिला पाहून बाकीच्याही बसल्या. मी म्हटलं, "बघ हं, तुम्ही बसलात, मी पुन्हा मैदानात येईन!" ते त्या पोरींना भाषांतर करून सांगितल्यावर मोठाच गोंधळ झाला.

माझा डबाही संपला. जिऱ्याची पूड लावलेली संत्री फ्रँकने एकट्याने निम्मी खाल्ली आणि विचारलं, हाही अंबरनाथचाच डाव का.

त्या दिवशी आम्ही जिंकलो की नाही ते मी टिपून ठेवलं नाही. माझ्या हातून अशी चूक होत नाही, पण झाली.

निघायच्या आदल्या दिवशी रेवा माझ्या बॅगेपाशी येऊन बसली. बॅगेला या वेळी फ्रँकने पाइपांना गुंडाळायची रुपेरी पट्टी लावून दिली होती.

"मावशी, एक काम करशील? बाबा सांगायचे, त्यांच्या मैदानात एका गोलवर उभं राहिलं की दुसरा गोल दिसायचाच नाही. इतकं मोठं मैदान कुठे असतं? माझ्या मैत्रिणी म्हणतात, थाप आहे. तू बघून येशील?"

"येईन," मी म्हटलं.

"नक्की? लिहून घे."

मी तिच्यासमोर लिहून घेतलं.

कुळगाव आणि अंबरनाथ

दिवाळीला चार दिवस असताना मी एकटी घरी पोचले. अण्णा दारातच होता. आई ओसरीवर, चकलीचा सोऱ्या हातात. तिने माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं, थोडा वेळ पाहतच राहिली.

"पोरी कुठायत?"

"आई, आत चल, सांगते."

मी सांगितलं. फोटो दाखवले. टोपी घातलेली नीला, गळ्यात शिट्टी, भोवती निळ्या शर्टातल्या पोरी. आईने फोटो डोळ्यांजवळ धरला.

"ही पुरुषांसारखी ओरडते?"

"हो. आणि सगळे ऐकतात."

"कुणी तिला काही बोलत नाही ना?"

"कोच म्हणतात."

आईला तो शब्द कळला नाही. तिने फोटो पालथा ठेवला आणि पुन्हा चकल्या पाडायला घेतल्या. रात्री जेवताना म्हणाली, "तू आणायला गेली होतीस." एवढंच.

भाऊबीज झाल्यावर रेवाचं काम हाती घेतलं. अंबरनाथला मी रोज उतरते, पण स्टेशनवरून रिक्षाने थेट कारखाना. जुन्या वसाहतीकडे कधी गेले नव्हते. आई म्हणाली, "मीही येते." का, ते तिने सांगितलं नाही. अण्णा कॅमेरा घेऊन आला.

मैदान सापडायला वेळ लागला नाही. फार मोठं नव्हतंच, नीलाच्या मैदानाच्या निम्मं असेल. कडेला फटाक्यांच्या स्टॉलचे बांबू अजून पडलेले. आमच्या बाजूला लोखंडी पाइपचा गोल होता, गंजलेला, आणि एक बाई त्याच्या आडव्या पाइपवर गोधडी वाळत घालत होती. मी गोलमध्ये उभी राहिले आणि समोर पाहिलं.

दुसरा गोल दिसत नव्हता. मैदानाच्या बरोबर मधोमध चिंचेचं भलं थोरलं झाड होतं.

मी बाजूला सरकले, तर झाडाआडून पलीकडचा पाइप दिसायला लागला. पुन्हा गोलमध्ये आले, गेला. काही पोरं प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन खेळत होती. चेंडू एकदाही मधून जात नव्हता. जो तो बाजूला वळून, भिंतीच्या कडेकडेने पळवत नेत होता.

"मधून कुणी का नेत नाही?" मी त्या बाईला विचारलं.

"मधून कशी नेतील, बाय? मधी झार हाय ना. पोरा कधीपासून झाराला वलसा घालूनच खेलतान. माझा नवराबी तसाच खेलायचा." गोधडीची घडी सारखी करत ती हसली. "तुमचा कोन होता का हितं?"

"जावई," आई म्हणाली. मी काही बोलायच्या आत.

मग मी तिथेच आईला कडेनेची सगळी गोष्ट सांगितली. टाकीमागचं मैदान, तिथे झाड नाही, काही नाही, मधे सगळं मोकळं गवत. तरी नीला ओरडते कडेने, आणि त्या पोरी चेंडू कडेने नेतात.

आई ऐकत राहिली. मग काठी टेकत झाडापाशी गेली. बुंध्यावर हात ठेवला. वर पाहिलं.

"म्हणजे तिकडच्या पोरी," ती म्हणाली, "या झाडाला वळसा घालतात होय?"

"हो, आई."

"आणि नीली त्यांना घालायला लावते."

"हो."

तिने पदराने नाक पुसलं. "अण्णा, फोटो काढ. झाडाचा काढ, नीट, पुरा. पोरीला पाठवायचाय." आणि रिक्षात बसल्यावर म्हणाली, "थाप मारणारा नव्हताच तो."

फोटो धुऊन आले ते न्यू जर्सीला गेले. फोटोमागे आईने सांगितलेली एक ओळ मी लिहिली, 'उन्हाळ्यात दोघी येऊन बघून जा.' शाळेत जाऊन रेवाची जागा सोडली असं कळवलं. बॅग उल्हासनगरला नेली. रुपेरी पट्टी बघून दुकानदार म्हणाला, "बहेनजी, ये तो इम्पोर्टेड रिपेअर हो गया!" आणि भांडण न करता नवी चेन बसवून दिली.

वरच्या खोलीतला पलंग वांगणीला परत द्यायचा आहे. अण्णाच्या मित्राचं घर बांधून झालंय, त्याचा निरोप दोनदा येऊन गेला. टेम्पो ठरवलाय, दोर आणून ठेवलाय. दर रविवारी अण्णा दोर घेऊन जिना चढतो. आई खालून म्हणते, "आज नको." ते काम अजून राहिलंय.